‘बाहेरून आलेले कोण?’

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गातल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, काहींत कन्नड, काहींत उर्दू. आठवीला स्थलांतर शिकवताना मी फळ्यावर तेलंगणातून सोलापूरकडे बाण काढला. पद्मशाली विणकर इथे मागावरच्या कामासाठी आले, सोलापुरी चादरीचं नाव त्यांच्या हातांनी मोठं झालं, हे सांगितलं. आणि विचारलं, "तुमच्यात बाहेरून आलेले कोण कोण?"

एकही हात वर आला नाही. सगळे दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे बघू लागले. तिने मान खाली घातली. ती इथेच जन्मलेली, तिचे आईवडीलही इथलेच. माझ्या एका शब्दाने मी तिला परकी करून टाकलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली आणि पहिला बाण माझ्या घराचा काढला. माझ्या आजोबांचं गाव करमाळा तालुक्यातलं. भीमेवर उजनी धरण झालं, 1980 च्या सुमारास पाणी साठलं आणि गाव बुडालं. विणकर पोटासाठी निघाले, आजोबांना पाण्याने उठवलं. पुस्तकात दोन्हींना स्थलांतरच म्हणतात, पण घरात ते फार वेगळं आठवतं.

मग मुलांना घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे पाठवलं. कुठून आलात, कशामुळे, आणि येताना बरोबर काय आणलंत? ज्यांना सांगायचं नसेल त्यांनी पान कोरं ठेवावं, हेही बजावलं. चार पानं कोरी आली, त्यांबद्दल मी काही विचारलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र वर्ग उघडला. कुणी तांब्याची घागर लिहिली, कुणी जोंधळ्याचं बियाणं. अक्कलकोटकडच्या एका मुलाने लिहिलं, "आम्ही कुठूनच आलो नाही, राज्याची हद्द आमच्या शेजारी आली." 1956 आणि 1960 च्या राज्यरचनेचा धडा मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आला नव्हता.

त्या मुलीने आजीचा जुना लाकडी धोटा, मागावर आडवा धागा फिरवायचा, आणला. "तेलुगूत मागाला मग्गम् म्हणतात," ती म्हणाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्या कन्नडमध्ये मग्ग!" तिने खडू मागितला आणि फळ्यावर तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले.