वाळवंट ओलांडायचं तर आठ भट्ट्या पाठीवर घ्या

‘भट्टी पेटवा अन् पुढं निघा, परत येईपर्यंत कोळसा तयार’ असं माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर खेळाच्या आमच्या सर्व्हरवर ज्यानं सांगितलं, त्याला एकदा मशालीशिवाय रात्रीच्या वाळवंटात सोडायला पाहिजे. माइनक्राफ्टमध्ये जवळपास कुणीच नसलं की तो भाग गोठतो, भट्टीसकट. रात्र पडल्यावर वाळूतून धडपडत मागं आलो, भट्टी उघडली, तर काम किती झालं ते दाखवणारा बाण अर्ध्यावर अन् वरच्या खणात ओंडक्यांची थप्पी जशीच्या तशी. आम्ही येताच बाण पुढं सरकायला लागला. डोकंच फिरलं.

म्हणून सांगतो, कोळसा होईस्तोवर तिथंच थांबा. पण एका भट्टीपाशी नको. एका ओंडक्याला १० सेकंद लागतात, म्हणजे ६४ ओंडक्यांना साडेदहा मिनिटांच्या वर, खेळातला निम्मा दिवस. आठ भट्ट्या मांडा, प्रत्येकीत आठ ओंडके अन् खाली एक कोळसा. ८० सेकंदांत सगळं उरकतं. पहिल्या खेपेला कोळसा नसणारच, तेव्हा फळ्या जाळा. अख्खा ओंडका जाळला तर दीडच नग भाजतात, त्याच ओंडक्याच्या चार फळ्या केल्या तर सहा. तरी लोक ओंडके जाळतात, काय बोलावं!

लाकूड वाळवंटाआधीच तोडा. आत निवडुंग अन् वाळकी झुडपं, त्यातून काड्या मिळतात, कोळसा नाही. आमच्या वाटेवर कडेला बाभळी होत्या. खोड वाकडंतिकडं, तोडताना वैताग येतो. आपल्याकडं बाभळीचा कोळसा भारी मानतात, इथं मात्र कुठलंही लाकूड घाला, माल तोच.

वाळवंटातले झोंबी उन्हानं जळत नाहीत, त्यामुळं दिवस उजाडला म्हणून सुटका नाही. एक कोळसा, एक काडी, चार मशाली. मुक्कामाभोवती सढळ हातानं लावा. त्यात मामेभावाकडं लातूरला लाइट गेली. सर्व्हर त्याच्याच कॉम्प्युटरवर, म्हणजे मी परभणीत पंख्याखाली नुसता बसून. मे महिन्यात इन्व्हर्टर नसलेल्याला सर्व्हर चालवायला देऊच नका.

खेळातल्या गावात कोळसा खपतो, ही दुसरी थाप. तिथला चिलखतवाला गावकरी १५ कोळशांना एक पाचू देतो, पण खाणीतल्या. लाकडाच्या कोळशाकडं तो बघतही नाही. अन् तिथंच एका खेळाडूनं दुकान मांडलंय: आठ कोळसे, एक हिरा! सरळ लूट आहे. भट्टीत दोन्ही कोळसे सारखेच जळतात, ८० सेकंद. हिरा कशाला घालवायचा?

परतीला नदीनं होडीतून आलो. सोपं आहे, लिहिण्यासारखं काही नाही. फक्त भट्ट्या कुदळीनंच काढा, हातानं फोडल्या तर भट्टी हाती लागत नाही.