निळे पडलेले बारा चमचे

सकाळी साडेसहाला भट्टीचं दार उघडलं. आत ओळीनं मानेवर काचेचा मणी असलेले बारा वाढायचे चमचे, आणि एकाही चमच्यावर स्टीलचा मूळ रंग शिल्लक नव्हता. दांड्याच्या टोकाला गव्हाळ पिवळा, पुढे तपकिरी, वाटीवर जांभळा आणि मण्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळा. तिसऱ्या चमच्याच्या वाटीत तर माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघा मोजता याव्यात इतका स्वच्छ. भट्टीत ठेवताना बोटाचं तेल लागलं की तिथं रंग वेगळा चढतो. हे मला त्या सकाळी कळलं.

मी काचेचे मणी करते. इटलीतल्या मुरानोच्या काचेची कांडी ज्योतीत मऊ करायची आणि हातात फिरणाऱ्या स्टीलच्या सळईवर गुंडाळायची. काच चिकटू नये म्हणून सळईला आधी मातीचा लेप दिलेला असतो. तयार मणी भट्टीत 510 अंश सेल्सिअसवर ठेवून सावकाश निववायचा, नाहीतर आतला ताण त्याला तडकवतो. सळया दरवेळी काळ्यानिळ्या होतातच, पण मणी उतरवला की सळईकडे कोण बघतं?

या वेळी मणी उतरणारच नव्हता. एका ताईंना वास्तुशांतीच्या भेटीसाठी बारा चमचे हवे होते, प्रत्येकाच्या मानेवर मधाच्या रंगाचा पारदर्शक मणी. एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला रुंद दांडा, म्हणजे मणी बाहेरून ओवता येत नाही. तो चमच्यावरच घडवावा लागतो आणि आख्खा चमचा भट्टीत जातो. मला धास्ती होती ती काचेची. चमच्याचं 304 जातीचं स्टेनलेस स्टील तापल्यावर या काचेच्या दीडपटीहून जास्त फुगतं आणि निवताना तितकंच जास्त आकसतं. पण लेपानं काम चोख केलं होतं. स्टील आतल्या आत आकसून काचेपासून सुटलं होतं आणि बाराही मणी मानेवर अलगद फिरत होते. काचेच्या काळजीत स्टीलचा विचारच राहून गेला होता.

चमचे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

आईनं चिंच आणि मीठ काढून दिलं. तांब्याचा बंब त्यानं झळकतो, चमचा मात्र ढिम्म. मग लिंबाचं सत गरम पाण्यात विरघळवून एक चमचा तासभर बुडवला. पिवळा थोडा फिकट झाला, निळा होता तसाच. बाथरूम साफ करायचं ॲसिड हाताशी होतं, पण मिठाच्या आम्लानं स्टीलला बारीक खड्डे पडतात एवढं ठाऊक होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. चमचे जुन्या साडीत गुंडाळले आणि भोसरी गाठली. तिथं एका शेडमध्ये स्टीलच्या टाक्यांचं वेल्डिंग होतं आणि वेल्डिंगशेजारी हेच रंग रोज उमटतात.

तिथल्या काकांनी चमचा उजेडात फिरवून पाहिला. "ताई, हा रंग नाही, साल आहे," ते म्हणाले. स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम असतं आणि त्याचीच डोळ्यांना न दिसणारी साय स्टीलला गंजापासून राखते. उष्णतेनं ही साय जाड होते. जितकी जाड, तितका तिच्यावरून परतणारा प्रकाश वेगळा. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात तसा. त्यांच्या डोक्यात अख्खा तक्ताच होता: 300 अंशांच्या आसपास पिवळा, 400 ला तपकिरी, 450 ला जांभळा, 540 ला निळा. साल जाड होताना खालच्या थरातलं क्रोमियम ओढून घेते, आणि मग गंज तिथूनच धरतो. आमटीत, लोणच्यात बुडणारा चमचा तसाच सोडून चालणार नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मी मिठानं घासला हे ऐकून तर त्यांनी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी रबरी हातमोजे चढवले आणि फळीवरून प्लास्टिकचा पांढरा डबा काढला. पिकलिंग पेस्ट, म्हणजे स्टीलवरची साल ॲसिडनं काढायचा लेप. ब्रश बुडवणार तेवढ्यात मला डब्यावरची अक्षरं दिसली. नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक.

"काका, थांबा!"

हायड्रोफ्लुओरिक ॲसिड काच खातं. म्हणून तर ते काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत. शिवाय ते कातडीतून आत उतरतं, कित्येकदा आधी दुखतही नाही, आणि थेट हाडापर्यंत जातं. शेडच्या भिंतीवर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब टांगलेली होती, ती त्यासाठीच. काकांनी झाकण घट्ट लावलं. त्यांच्या कामात काच कधी येतच नाही, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण माझा हात बराच वेळ थरथरत होता. बारा मणी क्षणात आंधळे झाले असते.

शेवटी त्यांनी वेल्डिंगचे डाग काढायचं विजेचं यंत्र काढलं. चमच्याला एक चिमटा, दुसऱ्या तारेला कार्बनच्या केसांचा ब्रश, आणि ब्रश फॉस्फरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवलेला. आधी अंगठ्याचा ठसा असलेला चमचा घेतला, म्हटलं गेला तर हा जाऊ दे. ब्रश टेकला, बारीक चुरचुर झाली, वाफ आली आणि निळा रंग ओल्या पाटीवरची अक्षरं पुसावीत तसा निघून गेला. ब्रशखाली स्टील चांगलंच तापतं, म्हणून मण्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि मानेपाशी थांबत थांबत काम केलं. मग प्रत्येक चमचा सोड्याच्या पाण्यात धरून मणी गोल फिरवला, लेपात मुरलेलं ॲसिड बाहेर यावं म्हणून. याच कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला, पण त्यात घाई करून चालणार नव्हतं. उरलेला लेपही हळूहळू सुटून पाणी दुधाळ झालं.

मण्याखाली ब्रश पोचला नाही. तिथली मान अजून जांभळीच आहे आणि मधाळ काचेतून ती तांब्यासारखी दिसते. ताईंना मी ते दाखवलं, कारणही सांगितलं आणि चमचे धुतल्यावर मणी फिरवून कोरडे करायला सांगितलं.

आता भट्टीच्या समोरासमोरच्या खाचांतून चमचे आरपार ठेवते. वाटी आणि दांडा बाहेर, मान तेवढी आत, आणि फटीत सिरॅमिक लोकर. रंग दोन बोटांपलीकडे जात नाही. आणि चमचा भट्टीत ठेवण्याआधी स्पिरिटनं पुसते, मग हातमोज्याशिवाय त्याला शिवत नाही.