अडीच इंची पाइप टाकण्याआधी

गाडीच्या एक्झॉस्टला अडीच इंची पाइप टाकायचा विचार असेल, तर बॅकप्रेशरमुळे खालच्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो ही समजूत आधी बाजूला ठेवू. बॅकप्रेशर म्हणजे धूर बाहेर ढकलताना पिस्टनला करावी लागणारी जास्तीची मेहनत. ताकदीच्या दृष्टीने तिचा काडीचाही उपयोग नाही. उपयोग असतो तो पाइपातल्या वायूच्या वेगाचा. पाइप बारीक असला की वेग वाढतो आणि अडथळाही वाढतो, म्हणून वेगाचं श्रेय अडथळ्याला जातं.

वेगाला महत्त्व का, ते मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागात, कळतं. पिस्टन तळाला पोचण्याच्या साधारण ४० ते ६० अंश आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि सिलिंडरमधला दाब एकदम सुटतो. त्यातून निघालेली दाबाची लाट तापलेल्या वायूत सेकंदाला ५०० ते ६०० मीटरने धावते. वायू स्वतः तिच्या बराच मागे असतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो, म्हणजे कलेक्टरपाशी (सिलिंडरांचे पाइप एकत्र येतात तिथे) किंवा उघड्या टोकाशी, तिथून ही लाट उलटून ओढीची लाट होऊन परतते. इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना ती पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताजा चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आत यायला मदत करते. हेडरच्या, म्हणजे सिलिंडरपासून कलेक्टरपर्यंतच्या, पाइपांची लांबी आणि व्यास यांवर ही वेळ आणि ओढीचा जोर ठरतो. तिथे व्यास गरजेपेक्षा मोठा घेतला की खालच्या आरपीएमला गाडी खरोखरच मरगळते. पण हल्लीच्या बहुतेक गाड्यांत कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मॅनिफोल्डला अगदी चिकटून असतो, आणि त्याच्या जाळीतून पुढे जाताना लाटा बऱ्याच दबतात. म्हणून फक्त कॅटच्या मागचा पाइप बदलल्याने ‘सगळा टॉर्क गेला’ हे जितकं ऐकू येतं तितकं घडत नाही. फायदाही मात्र तितकाच थोडा मिळतो.

आता आकडे. १२०० सीसीचं बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला, सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरून, सेकंदाला सुमारे ५१ लिटर हवा ओढतं. मागच्या पाइपात वायू ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर तीच हवा फुगून साधारण १०७ लिटर होते. पाइपाची भिंत १.५ मिलिमीटर धरली, तर पावणेदोन इंचीत तिचा वेग सेकंदाला सुमारे ८० मीटर, दोन इंचीत ६० आणि अडीच इंचीत ३७. शहरातल्या २००० आरपीएमला हेच आकडे जवळपास २७, २० आणि १२ असे उतरतात.

अडथळा मात्र सरळ प्रमाणात घटत नाही. तेवढाच वायू वाहत असेल तर सरळ पाइपातला दाबाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घातानुसार उतरतो. समजा पावणेदोन इंची पाइपात १ पीएसआय (दाबाचं एकक) जातोय. दोन इंचीत तो निम्मा होईल, अडीच इंचीत ०.१५ उरेल. म्हणजे पहिल्या पाव इंचानेच निम्मं काम होतं. पुढच्या अर्ध्या इंचाने फक्त ०.३५ पीएसआय वाचतो. बिनटर्बोच्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला सरासरी परिणामी दाब, म्हणजे पिस्टनला ढकलणारा सरासरी उपयोगी दाब, १० बारच्या घरात असतो आणि १ पीएसआय म्हणजे ०.०७ बार. थेट पंपिंगचा फायदा एक टक्क्याच्या आतच राहतो. सिलिंडरमध्ये कमी धूर उरल्याने आणखी थोडं मिळेल, बस.

माप ठरवायला वर्कशॉपमधला एक हिशोब पुरतो: एका अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट वायू, आणि पाइपाच्या आतल्या दर चौरस इंचाला ११५ घनफूट. त्यानुसार पावणेदोन इंची पाइप सुमारे ११० अश्वशक्तीपर्यंत, दोन इंची १४५, अडीच इंची २३० आणि तीन इंची ३४० पर्यंत पुरतो. ८५ अश्वशक्तीच्या गाडीला अडीच इंची लावणं म्हणजे वजन आणि आवाज विकत घेणं.

टर्बोचं, म्हणजे धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा भरणाऱ्या यंत्राचं, गणित निराळं. सिलिंडरच्या झटक्यांतली ऊर्जा टर्बाइनने आधीच वापरलेली असते, त्यामुळे टर्बाइनच्या मागे दाब जितका कमी तितका टर्बो लवकर फिरतो. तिथे मोठा पाइप हवाच, जमिनीपासूनची उंची सांभाळता येईल तेवढा. फक्त वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला टाळून वळवणारी झडप) लहान असेल तर बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) ठरलेल्या मर्यादेच्या वर सरकत जातो. काम झाल्यावर बूस्ट लॉग न बघता गाडी ताणू नका.

कापाकापीआधी मोजा. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढा (इंजिन थंड असताना; त्याचा आटा बहुधा १८ मिलिमीटर, १.५ पिचचा असतो), तिथे अडॅप्टर बसवून अर्धा मीटर तांब्याची नळी, मग रबरी नळी आणि ० ते १५ पीएसआयचं गेज लावा. रबर थेट लावलं तर वितळेल. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत वाचन असावं. त्याहून जास्त आलं तर पाइपाच्या व्यासाचा विचार सोडा, कॅट तुंबलाय का ते पाहा. सेन्सर काढल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागेल. सेन्सर परत लावून कोड पुसला की झालं. पिकअपची तुलना करायची तर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किलोमीटरचा वेळ मोकळ्या सपाट रस्त्यावर दोन्ही दिशांना ओबीडीवर (गाडीच्या निदान-पोर्टला जोडलेल्या स्कॅनरवर) नोंदवा, बदलाआधी आणि नंतर. कानावर विश्वास ठेवू नका. आवाज वाढला की गाडी पळाल्यासारखी वाटतेच.

फॅब्रिकेशनमध्ये बहुतेक कमाई वाया जाते. साध्या दाब-बेंडरने वाकवलेला पाइप वळणावर चपटतो, आणि अडीच इंची पाइपाचा आतला रस्ता तिथे दोन इंचीसारखा उरू शकतो. मँड्रेल बेंड (आत आधार घालून न चपटता वाकवलेला) घ्या. मफलरचं (सायलेन्सरचं) तोंड अडीच इंची असलं तरी आतली जाळीची नळी बारीक असू शकते. टॉर्च टाकून बघा. वेल्डचा मणी आत लोंबू देऊ नका, गॅस्केटचं भोक पाइपापेक्षा लहान नको. सेन्सरच्या आधी लिकेज राहिलं तर दोन झटक्यांच्या मधल्या ओढीने बाहेरची हवा आत येते, सेन्सर मिश्रण पातळ समजतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) फुकटचं पेट्रोल ओततो. पाइप टांगणाऱ्या हँगरचे रबर ताणून घट्ट बसवू नका: अडीच मीटरचा ३०४ स्टेनलेसचा पाइप ४०० अंश तापला की साधारण १७ मिलिमीटर लांबतो. जागा सोडली नाही तर फ्लेक्स (पाइपातला लवचीक जोड) तुटेल किंवा पाइप बॉडीला घासेल.

राहिला आवाज. चार सिलिंडरच्या इंजिनाचा मूळ स्वर आरपीएम भागिले ३०: ३००० ला १०० हर्ट्झ. पाइप कितीही रुंद केला तरी हा बदलत नाही. रुंद पाइपातून खालचे स्वर जास्त मोकळेपणाने बाहेर येतात, म्हणून आवाज भरदार वाटतो. चरचर येते ती वरच्या स्वरांची, पातळ भिंतीची आणि काढून टाकलेल्या रेझोनेटरची (ठरावीक स्वर दाबणाऱ्या डब्याची). शेवटी चार इंची टिप लावल्याने ताकदीत काहीही फरक पडत नाही, दिसण्यात पडतो.

केबिनमधली घुमघुम मात्र लांबीचा प्रश्न आहे. दोन्ही टोकांना मोकळा असल्यासारखा वागणारा २.२ मीटरचा पाइप, आतला आवाजाचा वेग ४५० मीटर धरला तर, १०२ हर्ट्झला घुमतो, म्हणजे नेमका ३००० आरपीएमच्या आसपास, हायवेच्या वेगाला. व्यास वाढवला की ती घुमघुम मोठी होते, जागेवरून फारशी हलत नाही. उपाय आहे एका टोकाला बंद केलेली बाजूची नळी, मुख्य पाइपाच्याच व्यासाची. तिची लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले चौपट फ्रिक्वेन्सी. बंद नळीत वायू वाहत नाही, ती थंड राहते, म्हणून वेग ४०० धरा: १०० हर्ट्झसाठी एक मीटर. सुरुवातीला १.१ मीटर ठेवा, टोपी तात्पुरती बसवा आणि गाडी चालवून थोडं थोडं कापत जा. घुमणाऱ्या भागाच्या मध्याकडे जोडा, कारण दाबाचा चढउतार तिथे सर्वांत मोठा असतो. टोकाजवळ जोडलेली नळी जवळजवळ निरुपयोगी. ग्लासवूलच्या सरळ मफलरने ही घुमघुम जात नाही, तो वरचे स्वर खातो. आणि काही काळाने त्यातलं वूल जळून उडून गेलं की तेही खात नाही, तेव्हा पॅकिंग बदलता येईल असा बोल्टचा मफलर घ्या.