सर म्हणाले, पान उलटं कर

एप्रिलमध्ये पश्चिम सिक्कीममधल्या बारसे अभयारण्यात गेले होते. हिलेपासून बारसेपर्यंत चारेक किलोमीटरची सोपी पायवाट आणि दोन्ही बाजूंना गुराँसची फुललेली झाडं. आपली जीभ जिथे ऱ्होडोडेंड्रॉन म्हणताना अडखळते, तिथे सगळे सरळ गुराँस म्हणतात. लाल दिसला की लालीगुराँस, विषय संपला.

माझा संपेना. बी.एस्सी.ला बॉटनी होतं ना! दिवसभरात दोनेकशे फोटो काढले आणि रात्री ओखरेच्या होमस्टेवर वायफाय मिळाल्याबरोबर कॉलेजातल्या सरांना पाठवले. "सर, कुठली जात?"

उत्तर आलं, "फुलं सगळेच दाखवतात. पान उलटं कर. खोड दाखव."

दोनशेत एकही पान उलटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुप आराम करणार होता. "कालचीच झाडं परत बघायला निघालीस?" म्हणत काकूंनी डब्यात दोन पराठे दिले. अभयारण्यात काही तोडायचं नाही, म्हणून खाली पडलेली फुलं उचलायची आणि पानं फांदीवरच हलके उलटायची, एवढं ठरवलं. सोबत दहापटीचं भिंग.

पहिलं झाड. खोड खडबडीत, भेगाळलेलं. पान वरून गर्द हिरवं, उलटं केलं तर चक्क चांदीचा वर्ख! नखाने खरवडलं तर पांढुरकी लव नखात आली. हा ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम, खरा लालीगुराँस, उत्तराखंडातला बुरांश.

वीस पावलांवर दुसरा, अनेक खोडांचा झुडपासारखा वाढलेला. फुलं तशीच रक्तलाल, काल मी दोघांना एकच समजले होते. पण याचं खोड सोललेल्या फांदीसारखं गुळगुळीत, तांबूस, त्यावर कागदासारखी साल सुटत होती. पानाच्या पाठीवर लव नाही, नुसता फिकट हिरवा रंग. आणि देठाला ताठ राठ केस, दोन दिवस दाढी न केल्यासारखे. ऱ्होडोडेंड्रॉन बार्बेटम! बार्बेटम म्हणजे दाढीवाला. नाव ठेवणाऱ्याने फुलाकडे पाहिलंच नव्हतं बहुतेक.

मग पडलेलं एक फूल भिंगाखाली धरून बसले, अर्धा तास तरी गेला असेल. घंटेसारख्या फुलाच्या तळाशी पाच काळपट खळगे, त्यांत मधुरस साठलेला. पुंकेसर दहा. परागकोश आपल्या जास्वंदीसारखे चिरून उघडत नाहीत, टोकाला दोन भोकं असतात. तिथे नखाचं टोक लावून ओढलं, तर परागकण सुटे आलेच नाहीत. एकतारी पाक बोटांत ताणावा तशी तार निघाली, चिकट धाग्यात ओवलेली. मधुरसासाठी डोकं आत घालणाऱ्या पक्ष्याला ही आख्खी माळ चिकटते आणि पुढच्या फुलावर जाते. हे पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलंही होतं, पण नखावर तार बघितल्यावर मी एकटीच जोरात हसले.

मधुरस चाखायचा मोह मात्र आवरला. गुराँसाच्या कित्येक जातींत ग्रायानोटॉक्सिन नावाचं विष असतं, त्यांच्या मधाने माणसं आजारी पडतात. तरी बुरांशच्या पाकळ्यांचं सरबत उत्तराखंडात बाटल्या भरभरून विकलं जातं, मीही प्यायलेय.

परतीच्या वाटेवर तिसरं झाड भेटलं. साल तांबूस, पानाची पाठ फिकट, म्हणजे दाढीवालाच. पण देठ गुळगुळीत! गुराँसांत जंगलातही संकर होतात, त्यामुळे डोकं भणभणलं. या वेळी खोड, पान, देठ, सगळ्याचे फोटो शिस्तीत काढून रात्री पाठवले.

सकाळी जोरेथांगला उतरताना रेंज आली आणि सरांचा मेसेज पडला. "छान. जुन्या देठांवरचे केस गळतात कधीकधी. कोवळा शेंडा पाहिलास का?"

नव्हता पाहिला.