जाळीपासून देव्हाऱ्यापर्यंत: आमची वाटचाल

कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आज तीन प्रकारचं काम चालतं: बोर्डातल्या जाळ्या आणि शटर, गणपतीची मखरं, आणि सागवान-फणसातलं कोरीव काम. कामं याच क्रमाने वाढत गेली. राउटर (संगणकाच्या आज्ञेवर बोर्ड कापणारं, कोरणारं मशीन) मात्र तोच, १३२५ मापाचा, म्हणजे १३०० बाय २५०० मिमी बेडचा. आठ बाय चार फुटांची अख्खी शीट त्यावर बसते. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, ६ किलोवॅट, २४,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्या). बदलत गेलं ते बिट (कापणारं पातं), वेग आणि माल धरून ठेवायची पद्धत. धंदा खरा उभा राहिला तो या तिसऱ्या गोष्टीवर.

व्हॅक्यूम बेडवर, म्हणजे खालून हवा ओढून माल धरणाऱ्या पाटावर, अर्धा बार ओढ मिळाली तर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो जोर बसतो. वीस सेंटिमीटरचा चौरस तुकडा दोनशे किलोने दाबला जातो, पाच सेंटिमीटरचा जेमतेम साडेबारा किलोने. त्यामुळे अख्खी शीट सहसा हलत नाही. सुटा झालेला छोटा तुकडा हलतो आणि बिट मोडतं. जाळीत तर प्रत्येक कापाच्या फटीतून हवा शिरते आणि ओढ कमी होत जाते. म्हणून आतली नक्षी आधी, बाहेरची कड सर्वांत शेवटी. छोट्या तुकड्यांखाली ०.४ मिमीचा पापुद्रा ठेवायचा आणि शेवटच्या हलक्या पासात (बिटाच्या फेरीत) तो काढायचा. बेडवर बळी द्यायची शीट, म्हणजे मालाखालची, बिट लागलं तरी चालेल अशी, १८ मिमी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) असते. तिच्या दोन्ही बाजूंचा कडक थर अर्धा मिमी छिलल्याशिवाय हवा नीट ओढली जात नाही, आणि कडा रंगाने बंद केल्या नाहीत तर सगळी ओढ तिथूनच जाते. आरपार कापायच्या कामात झेडचा (उंचीच्या अक्षाचा) शून्य शीटवर न घेता बेडवर घ्यावा; शीटची जाडी जागोजागी बदलते.

लॅमिनेट लावलेल्या शटरला कॉम्प्रेशन बिट लागतं, नाहीतर वरची किंवा खालची कड उडते. त्याचा तळाचा भाग भुसा वर खेचतो, वरचा भाग खाली दाबतो. पहिला पास तळाच्या भागापेक्षा खोल गेला नाही तर या बिटाचा काही उपयोग नाही. १८ मिमी एचडीएचएमआर (ओल सोसणारा घट्ट बोर्ड) आम्ही ६ मिमीच्या दोन धारी बिटाने दोन पासांत कापतो: १८,००० आरपीएम, मिनिटाला ५,४०० मिमी. म्हणजे प्रत्येक धार ०.१५ मिमी माल काढते. कड काळी पडू लागली की नवे ऑपरेटर फीड (बिट पुढे सरकायचा वेग) कमी करतात आणि करपणं आणखी वाढतं, कारण धार कापायची सोडून घासू लागते. आरपीएम उतरवायचा, फीड तसाच ठेवायचा. भुसा पिठासारखा बारीक आणि बिट हाताला चटका देण्याइतकं गरम असेल, तर वेग चुकलाय किंवा धार गेली आहे. बिट पकडणारा कॉलेटही तपासावा. त्यात राळ साठली की बिट तिरकं फिरतं. बिट बदलताना दर वेळी पितळी ब्रशने तो साफ करणं ही शिस्त हवी.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांची मागणी बोर्डाकडे वळली. आमच्या शेडला हे मोठं वळण ठरलं. मखर खाचांवर उभं राहतं. खिळे-स्क्रू नसल्याने दरवर्षी सोडून माळ्यावर ठेवता येतं. इथे सगळा खेळ खाचेचा. १२ मिमीची म्हणून आलेली शीट व्हर्नियरला ११.७ भरते, रंगानंतर पुन्हा जाड होते. खाच मोजलेल्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी मोठी ठेवायची आणि एकच नमुना रंगवून, बसवून बघायचा. गोल बिटाने आतला कोपरा काटकोनी होत नाही, म्हणून कोपऱ्यात बिटाच्या मापाची छोटी गोल चर काढावी लागते. उघड्या नक्षीत ती वाईट दिसते. तिथे सुताराची पटाशीच हवी. आमच्याकडे त्यासाठी सुतार कायम असतो.

कोरीव काम हे सर्वांत मनाजोगं, आणि वेळ सर्वांत जास्त खाणारं. ६०० बाय ३०० मिमीच्या फळीवर बिटाच्या चालीच्या दोन ओळींतलं अंतर ०.१ मिमी ठेवलं तर ३,००० ओळी, म्हणजे १,८०० मीटर चाल. मिनिटाला ३ मीटरने दहा तास. ०.२ मिमीला पाच. १ मिमी त्रिज्येच्या टेपर बॉलनोजने (निमुळत्या, गोल टोकाच्या बिटाने) ०.२ मिमीवर उरणारा उंचवटा ०.००५ मिमी असतो, पॉलिश पेपरचे दोन हात फिरले की गेला. गिऱ्हाईक ‘अजून बारीक’ म्हणतं तेव्हा अख्खी फळी बारीक न करता चेहरा, दागिने, बोटं एवढाच भाग ०.२५ त्रिज्येच्या बिटाने पुन्हा फिरवतो. त्याआधी ६ मिमी बिटाने जादा माल काढून अर्धा मिमी शिल्लक ठेवलेला असतो. शेवटचा पास लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवला की कुसळं कमी उठतात.

कोकणात लाकडाची ओल हा कायमचा प्रश्न. मीटरवर १२ टक्क्यांवर आकडा असेल तर आम्ही फळी मशीनवर घेत नाही. एका बाजूने खोल कोरलं की ओली फळी वाकते आणि देव्हाऱ्याचं दार चौकटीत बसत नाही. फणस नीट वाळला नसेल तर चीक बिटाला चिकटतो. सागवानातली सिलिका धार लवकर खाते, म्हणून त्याचं फिनिशिंग बिट वेगळं ठेवावं. एमडीएफला वापरलेलं तिथे लावू नये.

पावसाळ्यात वीज मध्येच जाते. कंट्रोलरला जागा आठवते, पण झटक्याने स्टेपर मोटरी एखादं पाऊल सरकतात. वीज आल्यावर आधी होमिंग (मशीन मूळ जागी नेणं), मग थांबल्या जागेच्या काही ओळी मागून सुरुवात. स्पिंडल थंड असेल तर आधी ६,००० आणि मग १२,००० आरपीएमवर मिळून दहा मिनिटं रिकामा फिरवायचा, बेअरिंगसाठी.

मखरांच्या फाइली आम्ही आषाढ संपेपर्यंत घेतो. डीएक्सएफ (रेखाचित्राची संगणकी फाइल) हवी, रेषा बंद आणि एकावर एक न आलेल्या, माप मिमीत. कोरीव कामाला लाकूड तुमचं असलं तरी चालतं. कापून, रंधा मारून, निदान एक बाजू सपाट करून आणा.