सात बाराची लोकल, सातबाराचा उतारा

मराठी मजकूर बोलून दाखवणाऱ्या सिस्टीमला '७:१२' दिसलं तर तिने 'सात बारा' म्हणावं, कारण मुंबईकर म्हणतो 'सात बाराची फास्ट'. '७/१२' आलं तर शेजारचे शब्द बघायचे. 'उतारा' किंवा 'तलाठी' दिसला की सातबारा, नाहीतर सात डिसेंबर. '१०:४५' एरवी पावणेअकरा, पण गाडीच्या बाबतीत दहा पंचेचाळीस. अशा सिस्टीममध्ये खरी मेहनत इथे लागते आणि टाळाटाळही इथेच होते. आवाज गोड लागला की काम झालं असं सगळे धरून चालतात.

नियमांचा क्रम सांभाळा. आधी दहा अंकी मोबाईल नंबर सुट्या अंकांत, मग तारीख, वेळ, रक्कम, आणि साधे आकडे सगळ्यांत शेवटी. क्रम उलटला तर ९८२ने सुरू होणारा नंबर 'नऊशे ब्याऐंशी कोटी' असा वाचला जातो. १ ते ९९ साठी सरळ तक्ताच ठेवा. एकोणपन्नास, पन्नास, एकावन्न ही नावं कुठल्याही जोडणीच्या नियमातून निघत नाहीत. १.५ लाख म्हणजे दीड लाख, २.५ लाख म्हणजे अडीच लाख, हेही त्यातच घाला.

पुढचा पेच च आणि ज यांचा. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यांतला ज वेगळा. लिहिताना मात्र काहीच फरक नाही. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर बहुधा तालव्य, म्हणजे 'चार' मधल्यासारखा, उच्चार धरून चालतं. अ, आ, उ, ओ असेल तिथे उच्चारकोशच, म्हणजे शब्दागणिक उच्चारांची यादीच, हवी. मॉडेल ऐकून शिकेल ही आशा थोड्या तासांच्या रेकॉर्डिंगवर फळत नाही: चाळ, चाक नीट येतात आणि चार्जर बिघडतो. 'घसरला' मध्ये स चा अ टिकतो आणि र चा जातो, म्हणून उच्चार 'घसर्ला'. अक्षरामागून अक्षर वाचणारी सिस्टीम इथे लगेच उघडी पडते.

ऐकण्याच्या बाजूला, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या सिस्टीममध्ये, साधारणपणे सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने घेतात आणि २५ मिलिसेकंदांचे तुकडे दर १० मिलिसेकंदांनी तपासतात. साध्या फोन कॉलमध्ये नमुने ८,००० च, आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच हाती येत नाही. 'स' चा बराचसा जोर त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर स, श, फ यांची गल्लत होते. फोनचं रेकॉर्डिंग नंतर १६,००० वर नेलं तरी गेलेला आवाज परत येत नाही. त्यापेक्षा शिकवण्याचाच डेटा ८,००० वर उतरवा आणि त्यात फलाटावरचा, डब्यातला गोंगाट कमीजास्त पातळीवर मिसळा.

आता मोजमाप. मूळ वाक्य: 'मी उद्या दादरला येतो'. मशीनने लिहिलं: 'मी उद्या दादर ला येतो'. ऐकण्यात काडीचीही चूक नाही, पण शब्दांच्या हिशोबात एक शब्द बदलला आणि एक जादा आला; चारात दोन, म्हणजे ५० टक्के चूक! शब्दाला प्रत्यय चिकटवणाऱ्या भाषेवर हा अन्याय आहे. म्हणून अक्षरांच्या चुकांचं प्रमाणही सोबत द्या, आणि तपासणीआधी दोन्ही बाजूंचे आकडे, अनुस्वार आणि 'घरे-घरं' सारखी रूपं एकाच पद्धतीत आणा.