सहा ऐच्छिक पेपर आणि आमची पांदण

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना शेजाऱ्यानं आमच्या शेताकडे जाणारी पांदण नांगरून आपल्या वावरात घेतली. बैलबंडी जायची बंद झाली. त्या वेचणीला आईबाबांनी कापसाची गठुडी धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, डोक्यावर आणली. तहसीलबाहेर अर्ज लिहून घेतला, त्यात 'रस्ता मिळावा' एवढंच. पुढे एलएलबीला गेल्यावर कळलं की अडवलेली जुनी वाट मोकळी करायला मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे, आणि वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. आमचे सहा महिने त्या एका ओळीच्या अर्जात गेले होते.

म्हणून तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळाल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळे पेपर लिहून काढले. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे 20 सक्तीचे, 4 प्रात्यक्षिकाचे आणि किमान 6 ऐच्छिक. सक्तीच्या विषयांचा क्रम विद्यापीठ ठरवतं, तिथे आपलं काही चालत नाही. आपल्या हातात राहतात ऐच्छिक पेपर, इंटर्नशिप आणि हजेरी. हजेरी प्रत्येक विषयात 70 टक्के लागते. पेरणीचा जून-जुलै आणि वेचणीचे दिवस मी कॅलेंडरवर लाल पेनानं आखले, आणि बाकी महिन्यांत एकही तास चुकवायचा नाही असं ठरवलं. सकाळची एसटी चुकली की पहिला तास गेलाच.

इंटर्नशिपचे 12 आठवडे शेवटच्या वर्षावर ढकलता येत नाहीत, कारण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया आणि पुरावा हे विषय झाल्यावर मी तालुक्याच्या वकील साहेबांकडे बसले. तेव्हा कुठे समोर चाललेली उलटतपासणी समजायला लागली. ऐच्छिक विषयांचा फॉर्म त्यांना दाखवला. त्यावर मी बौद्धिक संपदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांवर खुणा केल्या होत्या. नावं मोठी वाटत होती.

"हे काहून घेते पोरी? इथंच वकिली करतो म्हणते ना? मग सकाळपासून माझ्यापुढे कोण बसलं होतं ते आठव."

वाटणीवाले दोन भाऊ, धुऱ्याचा वाद, बियाणं न उगवल्याची तक्रार, पीक विम्याची नाकारलेली रक्कम. नियमांत 'कायदा आणि शेती' असा अख्खा गट आहे: जमीनधारणा, बियाणं-पाणी-खतं, शेतीकर्ज, पीक विमा. पण आमच्या कॉलेजात त्यातलं काहीच शिकवत नव्हते, शिक्षक नाहीत म्हणून. याचा मला खरंच राग आला. ज्या जिल्ह्यात निम्मी भांडणं वावराची, तिथे जमिनीचा कायदा ऐच्छिक, आणि तोही बंद! आम्ही अकरा जणांनी सह्यांचं पत्र दिलं, दोनदा दिलं. शेवटी जमिनीच्या कायद्याचा एक पेपर सुरू झाला. महसूल प्रकरणं चालवणारे एक वकील शनिवारी शिकवायला यायचे. पहिल्या तासाला त्यांनी प्रत्येकाला घरचा सातबारा आणायला लावला. आमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क'खाली दोन्ही आत्यांची नावं होती, मी ती कधी वाचलीच नव्हती.

या ज्येष्ठात मोठ्या बाबांची वाट अडवली गेली. ते घरी आले, ओसरीवर बसले, सगळं सांगायला लागले. मी वही उघडली आणि आधी तारीख विचारली.